महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : देवघरातून चावडीपर्यंत



दरवर्षी गणपती जवळ आले की आमच्या संपादक ताईंचा फोन येतो आणि मी उकडीच्या मोदकांवर नाहीतर माहेरच्या आरासीवर दोन पाने लिहून सुटका करून घेते. या वर्षी मात्र मला एका माणसाविषयी लिहायचे आहे. त्याला कारण घडले ते असे.

गेल्या ऑक्टोबरमध्ये भाचीला सोडायला ऑक्सफर्डला गेलो होतो. तिचे सामान खोलीत चढवून झाले, डबे फ्रिजमध्ये गेले, आणि मग तिला आमची अडचण होऊ लागली हे आमच्या लक्षात आले. दोन तास हाताशी होते. मी यजमानांना म्हटले, मॅन्सफिल्ड रोडवर एक जुने कॉलेज आहे, तेवढे बघून जाऊ. आज त्याचे नाव हॅरिस मँचेस्टर कॉलेज. पूर्वी नुसते मँचेस्टर कॉलेज होते. दरवानाला विचारून आम्ही तिथल्या प्रार्थनामंदिरात गेलो. बर्न-जोन्स या नामवंत चित्रकाराच्या रंगीत काचा तिथे आहेत. विश्व निर्माण झाले त्या सहा दिवसांचे देवदूत हातात एकेक गोल घेऊन उभे आहेत. ऊन तिरपे आत येत होते. मी बाकावर बसले आणि मनात आले, १९०१ साली आपल्या जमखंडीचा एक अठ्ठावीस वर्षांचा मराठी माणूस इथेच येऊन डोळे मिटून बसत असेल.

त्यांचे नाव विठ्ठल रामजी शिंदे. महाराष्ट्र त्यांना महर्षी म्हणतो, पण खरे सांगायचे तर फारसे वाचत नाही. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर अर्धा परिच्छेद होता. गो. मा. पवार यांनी त्यांचे मोठे चरित्र लिहिले आणि त्याला २००७ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा भावाने ते मला इथे पाठवले. ते कित्येक वर्षे कपाटात तसेच पडून होते, हेही कबूल करते.

आधी त्या कॉलेजाविषयी दोन शब्द. इंग्लंडमध्ये एके काळी चर्च ऑफ इंग्लंडची मते मान्य असल्याची सही केल्याशिवाय ऑक्सफर्डची पदवी मिळत नसे. ज्यांना ती सही करवत नव्हती, त्या वेगळ्या पंथांच्या लोकांनी १७८६ साली मँचेस्टर गावात स्वतःची शिक्षणसंस्था काढली. १८७१ च्या कायद्याने विद्यापीठातली ती अट गेली. पुढे गावोगाव फिरत ही संस्था १८८९ साली ऑक्सफर्डला आली आणि १८९३ मध्ये तिची आजची इमारत उभी राहिली. म्हणजे जे दाराबाहेर ठेवले गेले होते त्यांनी बांधलेले हे घर. शिंद्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिले की वाटते, शिकायला त्यांना याहून योग्य जागा मिळाली नसती.

जमखंडी आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. तेव्हा ते पटवर्धनांचे संस्थान होते. माझे माहेर मिरजेचे, त्यामुळे हे नाव मला घरचे वाटते. आमच्याकडे येणारे निम्मे पाहुणे कानडी हेल काढून मराठी बोलत. तिथे २३ एप्रिल १८७३ रोजी विठ्ठलरावांचा जन्म झाला. वडील रामजीबाबा संस्थानात नोकरीला, आणि पक्के वारकरी. आई यमुनाबाई. घरची स्थिती पुढे ओढगस्तीची झाली, पण येणाऱ्याजाणाऱ्याला दार उघडे असे आणि आलेल्याची जात विचारून पंगत मांडण्याची रीत त्या घरात नव्हती. भजन-कीर्तन, पंढरीची ओढ, तुकारामांचे अभंग हे सगळे त्यांना समज येण्याआधीच कानावर पडले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लग्नही बालवयातच लागले.

मॅट्रिक झाल्यावर ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली म्हणून शिकता आले. कॉलेजात मिल आणि स्पेन्सर वाचले आणि हुशार मुलांचे होते तसे झाले, लहानपणची श्रद्धा डळमळली. १८९८ साली बी. ए. झाले, वकिलीची पहिली परीक्षाही दिली. बहुजन समाजातला, शिकलेला, वकील होऊ घातलेला तरुण! घरी चार पैसे आले असते, संस्थानात मान मिळाला असता. त्यांनी वकिली सोडली आणि प्रार्थनासमाजात गेले.

आपल्या मुलांना प्रार्थनासमाज म्हणजे काय हे ठाऊक नसेल म्हणून सांगते. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेली ही मंडळी. डॉ. आत्माराम पांडुरंग, न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर ही त्यांतली मोठी नावे. देव एक, त्याला मूर्तीची गरज नाही, सर्व माणसे त्याची लेकरे म्हणून जात नाही, आणि रविवारी एकत्र बसून उपासना, अशी त्यांची शिकवण. उपासनेत तुकाराम असत. त्यामुळे शिंद्यांना आपण घर सोडले असे वाटले नाही. वडिलांचा विठोबा आणि कॉलेजात वाचलेली माणसाच्या स्वातंत्र्याची पुस्तके, ही दोन्ही एका ओळीत बसवून देणारी जागा त्यांना सापडली.

(आता तुम्ही म्हणाल, मूर्ती न मानणाऱ्या माणसावर गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत लेख कशाला? मीही हा विचार केला. आपल्या बाप्पाला याचा राग येईल असे मला वाटत नाही.)

इंग्लंडमधल्या युनिटेरियन पंथाचे आणि आपल्याकडच्या ब्राह्मसमाजाचे राजा राममोहन रॉय यांच्यापासूनचे नाते होते. राममोहन १८३३ साली इथे ब्रिस्टलला वारले, त्यांची समाधी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्या नात्यातून मँचेस्टर कॉलेजात हिंदी विद्यार्थ्यासाठी शिष्यवृत्ती होती. ती १९०१ साली शिंद्यांना मिळाली. तुलनात्मक धर्म हा विषय तिथे एस्टलिन कार्पेंटर शिकवीत. ख्रिस्ती कॉलेजातला हा ख्रिस्ती शिक्षक बौद्ध ग्रंथांचा जाणकार होता. आपला धर्म सोडायचा नाही आणि दुसऱ्याच्या धर्मातले खरे नाकारायचे नाही, हे शिंद्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले.

पण मला त्यांच्या या दोन वर्षांतली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. सुट्टीत ते नुसती प्रेक्षणीय स्थळे पाहत हिंडले नाहीत. युनिटेरियन मंडळी शहरांतल्या दरिद्री वस्त्यांत जी कामे चालवीत, ती त्यांनी जाऊन पाहिली. रविवारी प्रार्थना करणारा माणूस सोमवारी घाणीत, दारूत, उपासमारीत बुडालेल्या गल्लीत जाऊन शाळा चालवतो, आजाऱ्याला पाहतो, आणि हे उपकार म्हणून नव्हे तर उपासनेचाच भाग म्हणून करतो, ही रीत त्यांच्या मनात ठसली. आपणही या देशात येतो. शिस्त, स्वच्छता, वेळ पाळणे याचे कौतुक करतो आणि सुट्टीत घरी गेलो की तेच चार जणांना ऐकवतो. शिंद्यांनी इथून काय नेले ते पाहिले की मला थोडे ओशाळल्यासारखे होते.

१९०३ च्या सप्टेंबरमध्ये ॲमस्टरडॅमला उदार धर्मीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला आणि मग मायदेशी परतले. मुंबईला गिरगावात प्रार्थनासमाजाचे प्रचारक म्हणून काम सुरू केले. पगार बेताचा, संसार मोठा, प्रवास अखंड.

प्रवासात त्यांनी जे पाहिले त्याने त्यांची झोप उडाली. देशातले कोट्यवधी लोक गावाबाहेर राहतात, विहिरीवर जाऊ शकत नाहीत, शाळेत बसू शकत नाहीत, देवळाची पायरी चढू शकत नाहीत. समाजसुधारक मंडळी सभेत त्यांच्याविषयी हळहळ व्यक्त करतात आणि सभा संपली की घरी जातात. बडोद्यात सयाजीरावांनी १८८० च्या दशकातच अंत्यजांसाठी शाळा काढल्या होत्या, महात्मा फुल्यांनी तर त्याच्याही कितीतरी आधी. पण देशभर पसरेल असे काम नव्हते. १९०५ साली अहमदनगरजवळ (आजचे अहिल्यानगर) भिंगार येथे महार मंडळींनी रात्री सभा बोलावली होती. शिंदे तिथे गेले. दिवसभर राबून आलेली माणसे काळोखात जमून आपल्या मुलांच्या शिक्षणाची वाट शोधत होती. त्या सभेनंतर त्यांचा निश्चय पक्का झाला असे सांगतात.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ भागात डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा उघडली. मराठीत संस्थेला भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी म्हणत. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष, शिंदे सरचिटणीस. हळूहळू शाळा, वसतिगृह, हाताला काम शिकवणारे वर्ग, दवाखाना, भजनसमाज असे ते वाढत गेले. पुणे, हुबळी, मंगळूर, मद्रास अशा दूरदूरच्या गावी शाखा निघाल्या.

संस्था काढणारे पुष्कळ असतात. शिंद्यांचे वेगळेपण असे की त्यांनी आपले घरच त्यात घातले. म्हातारे आईवडील, पत्नी रुक्मिणीबाई, बहीण जनाक्का, सगळे कामाला लागले. जनाक्कांनी निराश्रित सेवासदनात बायकांमध्ये काम केले. ज्या काळात अस्पृश्याची सावली टाळत, त्या काळात हे मराठा कुटुंब मिशनच्या मुलांमध्ये राहत होते, त्यांच्याबरोबर जेवत होते. रामजीबाबा वारकरी होते, हे मी वर लिहिले. वाळवंटात सगळ्यांनी एकमेकांच्या पाया पडायचे आणि गावात परत आले की वेशीबाहेरच्याला वेशीबाहेर ठेवायचे, ही वारकऱ्यांच्या घराघरांतली जुनी गाठ. त्या बापलेकांनी ती आपल्या घरापुरती तरी सोडवली.

माझ्या आजीची मला इथे आठवण येते. आजी नेमाने हरिपाठ म्हणायची, कुणाला उपाशी जाऊ द्यायची नाही. पण मागच्या दारी येणाऱ्या झाडूवाल्या बाईंसाठी कान तुटलेला एक कप वळचणीला खोचलेला असे. चहा वरून ओतायचा. मी लहान असताना तो कप कितीदा पाहिला आणि त्याचे मला काहीच वाटले नाही. आजी दुष्ट नव्हती. तिचा हरिपाठ देवघराच्या उंबऱ्यापाशी थांबत होता, एवढेच.

१९१० साली शिंदे समाजाच्या प्रचारकपदावरून दूर झाले. मतभेद होते. १९१२ मध्ये त्यांनी बिऱ्हाड पुण्याला हलवले आणि तिथल्या मिशनसाठी नाना पेठेत मोठी जागा मिळवली. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीमुळे तिला अहल्याश्रम हे नाव मिळाले.

पुण्यात आल्यावर ते राजकारणात ओढले गेले. ओढले गेले म्हणणेही बरोबर नाही. त्यांना ते टाळता येईना. शाळा काढाल तितक्या थोड्या. कायदा, मतदान, नगरपालिका, काँग्रेस या सगळ्या ठिकाणी जोवर या माणसांची गणना माणसांत होत नाही तोवर शाळेतून शिकून बाहेर पडलेला मुलगा जाणार कुठे? पण त्या वेळचे राजकारण दोन तटांत विभागलेले होते. राष्ट्रीय पक्षाला आधी स्वराज्य हवे होते, सामाजिक प्रश्न नंतर. ब्राह्मणेतर पक्षाला आधी सामाजिक न्याय हवा होता, स्वराज्याची घाई नको होती. शिंद्यांना दोन्ही एकदम हवे होते. त्यांच्या मते दोन्हींचे मूळ एकच होते. देवापुढे माणूस माणसाचा मालक नाही, तर इंग्रजही आपला मालक नाही आणि आपणही कुणाचे मालक नाही. हे म्हणायला सोपे आहे. पण त्यामुळे दोन्ही तटांतले लोक त्यांच्याकडे संशयाने पाहू लागले.

१९१७ साली कलकत्त्याला ॲनी बेझंट यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले. काँग्रेसने तोवर सामाजिक प्रश्न अधिवेशनाबाहेर ठेवले होते. त्या वर्षी अस्पृश्यांवरची बंधने दूर व्हावीत असा ठराव झाला. त्यामागे शिंद्यांची अनेक वर्षांची खटपट होती. लगेच मार्च १९१८ मध्ये त्यांनी मुंबईत अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण परिषद भरवली. अध्यक्ष सयाजीराव महाराज. लोकमान्य टिळक तिथे आले आणि अस्पृश्यतेला देवाचा आधार नाही अशा अर्थाचे खणखणीत भाषण त्यांनी केले. सभा भारावून गेली.

मग शिंद्यांनी एक जाहीरनामा पुढे केला. आपण स्वतःच्या रोजच्या वागण्यात अस्पृश्यता पाळणार नाही, अशी त्यात प्रतिज्ञा होती आणि पुढाऱ्यांनी खाली सही करायची होती. अनेकांनी केली. लोकमान्यांनी केली नाही.

हे मी लोकमान्यांना उणे करण्यासाठी लिहीत नाही. आमच्या घरात त्यांची तसबीर होती, गणेशोत्सव सार्वजनिक करण्यात त्यांचा केवढा वाटा आहे हे मी आपल्या मंडळात सांगायला नको. देशासाठी त्यांनी मंडालेचा तुरुंग भोगला. पण व्यासपीठावरचे वाक्य आणि घरातली रीत यांच्यामध्ये केवढी दरी असते, आणि ती एवढ्या मोठ्या माणसालासुद्धा का ओलांडता आली नसेल, याचा विचार मी ते पान मिटून बराच वेळ करत बसले होते. शिंद्यांना नुसता ठराव नको होता. त्यांना सही हवी होती. कारण त्यांच्या लेखी हा राजकीय मुद्दा नव्हता, उपासनेचा होता, आणि उपासना दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही.

आता त्यांच्या चुकीविषयीही लिहिले पाहिजे, नाहीतर हा लेख आरती होईल. १९१९ साली मताधिकाराचा विचार करायला साउथबरो समिती आली. तिच्यापुढे शिंद्यांनी साक्ष दिली, तशीच डॉ. आंबेडकरांनीही दिली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या निवडून आलेल्या सभासदांनी निवडावेत, अशी मिशनची भूमिका होती. म्हणजे प्रतिनिधी अस्पृश्यांचे, पण ते ठरवणार दुसरेच. मे १९२० मध्ये नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली. तिथे एकोणतीस वर्षांच्या आंबेडकरांनी या भूमिकेवर कडाडून हल्ला चढवला आणि परिषदेने ती झिडकारली. माझ्या मते आंबेडकरांचे बरोबर होते. शिंद्यांचा वरच्या जातींच्या सद्‌बुद्धीवर फार विश्वास होता. देवाच्या नावाने हाक दिली की माणसाचे मन वळते, असे त्यांना वाटे, कारण त्यांचे स्वतःचे वळले होते. ज्याने चटके सोसले त्याला दुसऱ्याचे मन वळेपर्यंत थांबायला सांगणे म्हणजे काय, हे कितीही जवळ राहिले तरी बाहेरच्याला पुरते कळत नाही. श्रद्धेने त्यांना पुढे नेले हे जितके खरे, तितकेच ती कधीकधी त्यांच्या डोळ्यांवर आली हेही खरे.

पण पुढे त्यांनी काय केले ते पाहा. ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्याच हाती ती असावी, ही मागणी आता मिशनमध्येही होऊ लागली होती. तत्त्व शिंद्यांना मान्य होते. १९२३ साली, सतरा वर्षे रक्त आटवून उभ्या केलेल्या मिशनची सूत्रे त्यांनी खाली ठेवली. वय पन्नास. कटुता आली नसेल असे नाही. बोल दोन्हीकडून ऐकावे लागले. सनातन्यांनी धर्मबुडवा म्हणून झिडकारले होतेच, स्वजातीयांना ते आपले वाटत नव्हते, आणि आता दलित तरुणांनाही त्यांचे पुढारीपण नको होते. त्यांनी संस्था मुठीत धरून ठेवली नाही, की दुसरी काढून पहिलीच्या विरोधात उभी केली नाही. आपल्या परदेशातल्या मंडळांचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना यात काय विशेष हे समजावून सांगायला नको. एका मंडळाची तीन होताना मीही पाहिली आहेत.

मधल्या काळात त्यांनी आणखी कितीतरी कामे हातात घेतली, ती सगळी इथे सांगणे शक्य नाही. १९२० साली पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणातून पैशाच्या सबबीवर मुलींना वगळू नये म्हणून ते झगडले. त्याच वर्षी बहुजन पक्ष काढून निवडणूक लढवली आणि हरले. काही काळ मंगळूरला ब्राह्मसमाजाचे आचार्य होते. १९२८ साली सरकारच्या तुकडेबंदीच्या बिलाविरुद्ध शेतकऱ्यांना संघटित केले. जमिनीचे बारके तुकडे मोडून काढण्याच्या नावाखाली लहान शेतकरीच मोडेल, अशी त्यांची भीती होती.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. शिंदे सत्तावन्न वर्षांचे. तब्येत आधीच तोळामासा. इंग्लंडमध्ये शिकलेला, धर्मोपदेशक, वयस्क माणूस. घरी बसले असते तर कुणी नाव ठेवले नसते. ते कायदेभंगात उतरले आणि सहा महिने सक्तमजुरी भोगायला येरवड्याला गेले. तिथेही त्यांची उपासना सुटली नाही. तुरुंगातून सुटले ते प्रकृती ढासळूनच. तरी १९३३ मध्ये ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हे पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. अस्पृश्यता कुठून आली, कशी पसरली, याचा देशभर हिंडून जमवलेल्या माहितीवर आधारलेला हा शोध आहे. त्यांनी लिहिलेल्या आठवणी तर मी सर्वांना वाचायला सांगेन. त्यांत फुशारकी नाही आणि रडगाणेही नाही.

२ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात ते गेले. स्वराज्य साडेतीन वर्षांवर होते. राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केल्याचे कलम त्याहून पुढचे. ते लिहिण्यात पुढाकार होता तो नागपूरच्या परिषदेत त्यांच्या विरुद्ध बोललेल्या आंबेडकरांचा.

ऑक्सफर्डहून परतताना गाडीत मी यजमानांना हे सगळे सांगत होते. ते शांतपणे गाडी चालवत होते. मग त्यांनी विचारले, आपल्या फॉर्मचे काय करणार आहेस?

तो फॉर्म म्हणजे आपल्या मंदिर मंडळाच्या वधू-वर सूचीचा. गेली अकरा वर्षे ती सूची मी सांभाळते. फॉर्म मीच तयार केला होता, घरच्या संगणकावर, एका रविवारी. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी, व्हिसा. आणि पाचव्या ओळीत जात व पोटजात. मला तो रकाना घालताना काही वाटले नव्हते. सगळीकडे असतो, म्हणून घातला. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने तो रिकामा ठेवून फॉर्म पाठवला. मी त्याला फोन करून भरायला सांगितले. पलीकडे तो क्षणभर गप्प राहिला, मग त्याने भरले. काय भरले ते मी इथे लिहिणार नाही. त्याला त्या वर्षी आपल्या सूचीतून एकही फोन आला नाही. त्यानंतर तो आणि त्याची आई आपल्या आरतीला दिसलेले नाहीत.

उन्हाळ्यात मी त्या रकान्याशिवाय नवा फॉर्म करून समितीला पाठवला. दोघांनी पाठिंब्याचा निरोप धाडला. तिघांचे फोन आले, त्यांतले दोन बरेच लांबले. कुणीही वाईट बोलले नाही. आईवडील विचारतात, आपण फक्त माहिती देतो, लोकांना हवी असते ती लपवायची कशाला, असे त्यांचे म्हणणे. मला त्यांचे म्हणणे कळते, कारण अकरा वर्षे माझेही तेच होते. विषय उत्सवानंतरच्या सभेत घ्यायचा ठरला आहे. तोपर्यंत प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर जुनाच फॉर्म असेल. मी तिथेच बसलेली असेन. पाचवी ओळ कुणाला भरायची नसेल तर रिकामी सोडा, मी फोन करणार नाही.

त्या मुलाच्या आईला मात्र मी फोन केला आहे. गौरीजेवणाला या म्हटले. बघू म्हणाल्या.